दसरा ते कोजागिरी: हौद्यावरचं घर आणि ३९५ नंबरचा रस्ता

शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४. फोल्सम (कॅलिफोर्निया), घराच्या दारात

ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की खांबावर एक छोटी चिकटपट्टी दिसते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, असं तिच्यावर छापलेलं असतं. आमच्या फोर्ड एफ-१५० वर तो आकडा १,८४० आहे, म्हणजे साधारण ८३५ किलो. हौद्यात, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या भागात, बसणारा कॅम्पर (फिरतं घर) निवडायचा तर सुरुवात इथून करायची. जाहिरातीत ठळक छापतात ती ओढण्याची क्षमता, आणि ती ट्रेलरवाल्यांच्या कामाची. आपलं घर ट्रकच्या पाठीवर बसणार असतं. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर हा आकडा वेगळा निघतो, कारण काचेचं छत, मोठी चाकं, विजेच्या सीटा असं जे जे वाढतं ते ते यातून वजा होतं. गेल्या वर्षी जुने ट्रक बघत हिंडत होतो तेव्हा नवरा बॉनेट उघडायचा आणि मी दार उघडून पट्टीचा फोटो काढायचे.

३९५ नंबरच्या रस्त्यानं फिरायला जाणारे आम्ही तिघं: नवरा, मी आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. तिघांचं वजन मिळून ४४० पौंड. उरले १,४००. त्यात कॅम्पर, आतलं फर्निचर, पाणी, गॅस, अंथरूण-पांघरूण, डाळ-तांदूळ. टोयोटा टॅकोमा मला मनापासून आवडते, पण आम्ही पाहिलेल्या टॅकोमांचा आकडा अकराशेच्या आसपास होता. दोघांचं कदाचित जमलं असतं, तिघांचं नाही. पूर्ण उंचीचे, पक्क्या भिंतींचे कॅम्पर बहुतेक दोन हजार पौंडांच्या पुढचे, तेही बाद. ट्रेलर नको होता, कारण कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि डोंगरातल्या अरुंद कच्च्या रस्त्यावर तो वळवणं जिकिरीचं.

राहिला पॉप-अप. छत खाली बसवलं की तो कॅबच्या थोडासाच वर दिसतो. मुक्कामी पोचल्यावर छत वर ढकलायचं, मधल्या भिंती कापडाच्या. चालताना वारा कमी अडतो, बोजा खाली राहतो, त्यामुळे घाटात ट्रक झुलत नाही. तोटाही उघड आहे: कापड थंडी फारशी अडवत नाही आणि आवाज तर मुळीच नाही. आम्हाला घाट, कच्चे रस्ते आणि उंचावरचे मुक्काम हवे होते, म्हणून तो तोटा पत्करला.

आमच्यापासून जवळच वूडलंडला फोर व्हील कॅम्पर्सचा कारखाना आहे. १९७२ पासून ते हेच बनवतात. तिथे जाऊन आम्ही वेगवेगळी मॉडेलं आत बसून, झोपून, शेगडीपुढे उभं राहून पाहिली. घ्यायचं काहीही असो, आधी आत जाऊन पलंगावर आडवं व्हावं, मग रात्री उठायचं आहे असं समजून खाली उतरून बघावं. कॅबवरच्या पलंगावरून उतरणं बाबांना जमणार नाही हे तिथेच कळलं, आणि खाली बाकाचा पलंग हवा हे ठरलं. असा बाक असलेले तयार कॅम्पर वजनात बसेनात. शेवटी रीनोच्या एका जोडप्याकडून वापरलेली शेल घेतली. शेल म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट, वरचा पत्रा, उचलतं छत, कॅबवरचा पलंग आणि दार. बाकी आत मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेचं घर बाबांनी केलं. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या कारखान्यात, चॅसिसवर बसची बॉडी चढवायच्या विभागात झाली. शेल आणली त्या दिवशी त्यांनी आतला पॅनल काढून चौकट बघितली, सगळे जोड बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "ट्रकची फ्रेम खड्ड्यात पिळवटते, तेव्हा ही पण तेवढी पिळवटली पाहिजे. आत जे बसवशील ते हिला जखडून टाकणारं नको." म्हणून आमची कपाटं दोन भिंतींना एकदम बांधलेली नाहीत. तळाशी पक्की, वर रबरी बुशवर. प्लायवूड नऊ मिलिमीटरचं, आतल्या फळ्यांना मोठी गोल भोकं पाडून हलकं केलेलं. लाकडी स्क्रू जवळपास नाहीतच, सगळीकडे बोल्ट आणि नायलॉनवाले लॉक-नट. पोलाद ॲल्युमिनियमला टेकतं तिथे मधे रबर, नाहीतर ओलाव्यानं ॲल्युमिनियम झिजत जातं.

विजेचं काम नवऱ्याकडे होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची एकच बॅटरी, म्हणजे साधारण १,२८० वॉट-अवर. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी दुपटीहून जड, आणि तिची निम्मीच वीज वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. लिथियमची अट एकच: गोठणबिंदूखाली तिला चार्ज करायचं नाही. म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, हीटरच्या झोताजवळ ठेवली. छतावर १६० वॉटचं सोलर पॅनल, आणि ट्रक चालू असताना इंजिनाकडून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर. फ्रिज कॉम्प्रेसरवाला. गॅसवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या फ्रिजला जमीन सपाट लागते आणि उन्हाळ्यात त्याला थंडावा पेलत नाही.

स्वयंपाकाचं मी ठरवलं. दोन शेगड्यांचा ओटा, तीन लिटरचा कुकर, मसाल्याचा डबा ओट्याखालच्या खणात घट्ट बसेल अशा मापाची चौकट. गॅस प्रोपेनचाच. ब्यूटेनच्या छोट्या नळकांड्या स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण गोठणाऱ्या थंडीत ब्यूटेनची वाफच होत नाही.

आज रात्री सगळं भरून झालं. हौद्याचा मागचा फाळका काढून गॅरेजमध्ये ठेवला, पन्नासेक पौंड तिथे वाचले.

शनिवार, दसरा. होप व्हॅली

सकाळी ट्रकची पूजा. झेंडूचं तोरण पुढच्या जाळीला, हळद-कुंकू, चारी चाकांखाली लिंबू, नारळ. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. बाबांनी पाना, रिव्हेट गन, मोजपट्टी आणि ड्रिल पाटावर मांडून त्यांचीही पूजा केली. दापोडीला दसऱ्याला यंत्रं पुसून, हार घालून बंद ठेवायचे, ते सांगत होते. आम्ही मात्र लिंबं चिरडून थेट वजनकाट्यावर गेलो.

ट्रक स्टॉपवर मालवाहू ट्रकांसाठी काटा असतो, थोडे डॉलर दिले की कुणालाही वजन करता येतं. पुढची चाकं एका पाट्यावर, मागची दुसऱ्या. तिघंही आत बसलेलो, टाक्या भरलेल्या. पुढच्या धुऱ्यावर ३,२७०, मागच्या धुऱ्यावर ३,७१०, एकूण ६,९८० पौंड. ट्रकची कमाल मर्यादा ७,०५०. म्हणजे सत्तर पौंड शिल्लक. मला हायसं वाटलं. बाबा चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, "बसायला बसतंय. पण आता वाटेत काही विकत घ्यायचं तर काहीतरी खाऊन संपवायचं आधी." त्यांच्या दृष्टीनं एकूण आकड्याइतकाच महत्त्वाचा होता मागच्या धुऱ्याचा. प्रत्येक धुऱ्याला स्वतःची मर्यादा असते, आणि कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुऱ्याच्या थोडा पुढेच पडायला हवा. तो मागे सरकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. पाण्याची टाकी आम्ही म्हणूनच कॅबलगत, सगळ्यात पुढे बसवली आहे.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधाराला हवेच्या पिशव्या घातल्या आहेत आणि टायर जास्त भाराचे, ई श्रेणीचे. पण एक गोष्ट बाबांनी दोनदा बजावली: पिशव्यांनी ट्रक सरळ उभा राहतो, त्याची क्षमता वाढत नाही. पट्टीवरचा आकडा तोच राहतो.

८८ नंबरच्या रस्त्यानं जॅक्सन ओलांडून चढ लागला. पन्नासेक मैलांवर थांबून हौद्यातले टर्नबकल तपासले. कॅम्पर हौद्याला चार ठिकाणी या टर्नबकलांनी ताणून धरलेला असतो, खाली जाड रबरी चटई. पहिल्या पन्नास मैलांत सगळं जागेवर बसतं आणि ताण सैल पडतो, म्हणून हे थांबणं लागतंच. दोन टर्नबकल अर्धा-अर्धा फेरा घट्ट झाले.

कार्सन पास ८,५७४ फूट. पलीकडे उतरलं की होप व्हॅली, आणि ऑक्टोबरात तिथे ॲस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. बाबा काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "सोनं लुटायला लोक इथे यायला पाहिजेत."

ब्लू लेक्सच्या रस्त्याला आत जंगल खात्याच्या जमिनीवर मुक्काम. इथे आखीव जागा नसतात, जिथे आधी कुणी उतरल्याच्या खुणा आहेत तिथेच उतरायचं. शेगडी पेटवायलासुद्धा कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना लागतो. तो ऑनलाइन फुकट मिळतो.

छत उघडायची रीत आता हाताला बसली आहे. बाहेरची सहा कुलपं सोडायची, आत शिरून आधी मागचं टोक खांद्यानं वर ढकलायचं, मग पुढचं. सोलर पॅनल आणि पंखा मिळून छत जड झालंय, त्यामुळे गॅसचे स्ट्रट जास्त ताकदीचे घातले. ते नसते तर मला एकटीला उचलता आलं नसतं, आणि माझी अट होती की या गाडीतलं प्रत्येक काम मला एकटीला करता यायला हवं.

रविवार, १३ ऑक्टोबर. मोनो लेकच्या दक्षिणेला

पहाटे पारा गोठणबिंदूखाली. कापडाला आतून घाम आला होता, तीन माणसांच्या श्वासाचा. पॉप-अपमध्ये थंडीपेक्षा हा ओलावा जास्त त्रास देतो, आणि त्याच्यावर हीटर हा अर्धाच उपाय आहे. आमचा हीटर प्रोपेनचाच, पण ज्वाळा बंद पेटीत आणि धूर बाहेर. उघड्या ज्वाळेचे छोटे हीटर विकत मिळतात, पण प्रोपेन जळताना पाण्याची वाफही तयार होते. ती सगळी आत साठते, कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. आज आम्ही छताचा पंखा बोटभर उघडा ठेवून अगदी हळू चालवला आणि पलंगाच्या डोक्याशी कापडाची चेन चार बोटं उघडली. उष्णता थोडी जाते, पण ओलावा साठत नाही. कापडाला आतून लावायचं चकचकीत अस्तर आमच्याकडे आहे, तेही आजपासून चढवलं.

मॉनिटर पास ओलांडून ३९५ ला लागलो. उजवीकडे सिएरा नेवाडाची भिंत, डावीकडे उघडं वाळवंट. वॉकर नदीची घळ, ब्रिजपोर्ट, मग कॉनवे समिट. तिथून वळण घेतलं की मोनो लेक एकदम खाली पसरलेलं दिसतं.

दक्षिण काठावर तुफाचे खांब आहेत. तळाशी गोड्या पाण्याचे झरे, त्यातलं कॅल्शियम आणि तळ्यातलं कार्बोनेट एकत्र येऊन पाण्याखाली हे चुनखडीचे मनोरे वाढले. आज ते उघड्यावर दिसतात, कारण पाणी खाली गेलं. १९४१ पासून लॉस एंजेलिसनं तळ्याला मिळणारे ओढे आपल्या नळांकडे वळवले आणि पातळी पंचेचाळीस फूट उतरली. लोक लढले. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं तळं जनतेच्या विश्वस्त मालमत्तेत येतं. १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळानं ६,३९२ फुटांचं लक्ष्य ठरवलं. पाणी अजून तिथवर चढलेलं नाही. बाबा पाटी वाचून बराच वेळ त्या कोरड्या काठावर उभे होते. आमच्या टाकीत बारा गॅलन पाणी आहे, शंभर पौंडांचं. त्या संध्याकाळी भांडी आधी कागदानं पुसून मग वाटीभर पाण्यात धुतली गेली, कुणी सांगायची गरज पडली नाही.

१२० नंबरच्या रस्त्यानं पूर्वेला जेफ्री पाईनचं जंगल आहे. झाडाच्या सालीच्या भेगेत नाक घातलं की व्हॅनिलाचा वास येतो. तिथेच आत थांबलो. सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात तुरीची डाळ कितीही शिजवा, ती दातांखाली येते. कुकर नेला होता म्हणून वरण मऊ झालं. शिट्ट्या दोन जास्त द्याव्या लागल्या. एक शिकून ठेवलं: शिट्टीची वाफही ओलावाच. कुकर दारालगतच्या शेगडीवर आणि दार उघडं.

सोमवार, १४ ऑक्टोबर. ग्रँडव्ह्यू

आजचा दिवस बहुतेक गाडीतच गेला. बिशपला पेट्रोल, पाणी आणि बर्फ. बिग पाइनहून १६८ नंबरचा रस्ता व्हाइट माउंटन्समध्ये चढतो. ग्रँडव्ह्यू हा जंगल खात्याचा कॅम्प ८,६०० फुटांवर आहे, पिनियन पाईनच्या विरळ झाडीत. पाणी मिळत नाही, खालून आणावं लागतं.

संध्याकाळी झाडीबाहेर उघड्या उतारावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. सिएराच्या कडेवरून उजेड ओसरला आणि त्सुचिन्शान-ॲटलस धूमकेतू दिसला, नुसत्या डोळ्यांनी, वर निघालेल्या लांब शेपटीसकट. मागे मोठा चंद्र होता, तरी दिसला. नवऱ्यानं दुर्बीण बाबांच्या हातात दिली. "जावईबापू, तुम्ही बघितलात का नीट? मग द्या," असं म्हणत त्यांनी घेतली आणि मग कितीतरी वेळ परत दिली नाही.

इथे खालचा बाक फार कामाला आला. रात्री बाबांना दोनदा उठावं लागतं. बाकाखाली छोटं पोर्टेबल टॉयलेट सरकत्या फळीवर बसवलंय, पायाशी मंद लाल दिवा आहे. थंडीत दार उघडून, उंच पायरी उतरून अंधारात जाणं त्यांच्या गुडघ्याला झेपलं नसतं. वयस्क माणसाला बरोबर न्यायचं असेल तर सोलर आणि फ्रिजच्या आधी या दोन गोष्टींचा विचार करावा: रात्रीची सोय आणि पायरी. हौद्याचा तळ जमिनीपासून जवळजवळ तीन फूट उंच असतो. कॅम्परबरोबर आलेली लोंबती पायरी बाबांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, दोन टप्प्यांची, हाताला कठडा असलेली घडीची शिडी केली. वजन नऊ पौंड. मला त्या नऊ पौंडांचा कधीच प्रश्न पडला नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. पेट्रिआर्क ग्रोव्हचा कच्चा रस्ता

शुलमन ग्रोव्हपर्यंत डांबर आहे, उंची दहा हजार फूट. इथली ब्रिसलकोन पाईनची झाडं जगातल्या सर्वांत जुन्या जिवंत झाडांपैकी. मेथुसेला नावाच्या झाडाचं वय ४,८०० वर्षांच्या पुढे आहे, आणि ते नेमकं कोणतं हे जंगल खातं सांगत नाही. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्याची वलयं मोजली. जमीन डोलोमाइटची, पांढरट, नापीक. बाकीची झाडं तिथे टिकत नाहीत म्हणून यांना जागा मिळते. खोडाचा बराच भाग मेलेला, एक अरुंद पट्टी जिवंत, आणि तेवढ्यावर वरची फांदी हिरवी. बाबा दम लागल्यामुळे बाकावर बसत बसत फिरले, पण फेरी पूर्ण केली.

पुढे पेट्रिआर्क ग्रोव्हपर्यंत बारा मैल कच्चा रस्ता, आडव्या बारीक वळ्यांचा. यांनीच कॅम्पर खिळखिळे होतात. खड्डा दिसतो, तिथे आपण हळू होतो. या वळ्या मात्र मिनिटाला शेकडो हिसके देतात आणि प्रत्येक नट-बोल्ट सोडवायला बघतात. मागच्या टायरची हवा साठवरून चाळीसवर आणली, पुढचीही त्या प्रमाणात उतरवली. लगेच फरक कळला, स्टिअरिंगची थरथर निम्म्यावर आली. हवा पुन्हा भरायचा छोटा कॉम्प्रेसर बरोबर असेल तरच हे करावं, आणि हवा कमी असेपर्यंत वेग वाढवायचा नाही.

वर पोचल्यावर बाबांनी सगळं तपासलं. कपाटांचा एकही बोल्ट हलला नव्हता. कडी मात्र एक निकामी झाली, ओट्याखालच्या खणाची. ती चुंबकाची होती आणि डब्यांच्या वजनानं खण सरकून बाहेर आला होता. मसाल्याचा डबा त्याच्या चौकटीत जागच्या जागी होता, गुळाची बरणी जमिनीवर. शाबूत. बाबांनी हत्यारांच्या पिशवीतून बोटानं दाबून उघडायची कडी काढली आणि अकरा हजार फुटांवर, टोपी-मफलर घालून, वीस मिनिटांत बसवली. "बसच्या सामानाच्या कप्प्याला चुंबक लावलेला बघितलायस का कधी?" एवढंच म्हणाले.

या रस्त्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. धूळ आत येते ती दाराच्या फटीतून नव्हे, तर हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांतल्या भोकांतून, जिथून विजेची तार आत घेतली आहे. बाबांनी तिथे स्पंज आणि रबरी बीडिंग कोंबलं. उतरताना आत धूळ जवळपास नव्हती. आम्ही खाली ओवेन्स व्हॅलीत उतरलो आणि रात्र बिशपजवळच्या एका साध्या कॅम्पग्राउंडमध्ये काढली, नाण्यांच्या शॉवरसाठी.

बुधवार, कोजागिरी. अलाबामा हिल्स

सकाळी मांझानार. १९४२ मध्ये, युद्धाच्या धास्तीनं, अमेरिकेनं जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना घरांतून उचलून इथे काटेरी कुंपणात ठेवलं. एका वेळी दहा हजारांवर माणसं. त्यांच्या बराकी पुन्हा बांधून दाखवल्या आहेत. वीस बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ-आठ जण, फळ्यांच्या फटींतून वाळू. बाबांनी खोली पावलांनी मोजली. आम्ही मापं घेऊन कप्पे आखत, हौसेनं लहान जागेत राहायला निघालेली माणसं. तिथे फार बोललो नाही. तिथे ठेवलेल्या माणसांनी दगड रचून केलेली बाग अजून आहे, ती बघून निघालो.

लोन पाइनच्या पश्चिमेला अलाबामा हिल्स, २०१९ पासून राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्र. इथे राहायचा परवाना फुकट आहे पण घ्यावा लागतो, आणि ठरवून दिलेल्या जागांवरच गाडी लावायची. आधी लोक वाटेल तिथे चाकं घालायचे आणि झुडपं मरायची, म्हणून ही शिस्त. मला ती हवीच वाटते. गोल खडकांच्या मागे सिएराची भिंत आणि त्यात माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट.

बिशपला घेतलेलं दूध चार वाजल्यापासून मंद आचेवर आटवत ठेवलं. केशर, वेलची, चारोळी घरून आणलेली. सहाच्या सुमाराला पूर्वेला इन्यो डोंगरांमागून चंद्र वर आला, मोठा, आणि अंधार पडल्यावर पश्चिमेला व्हिटनीच्या उजवीकडे वर धूमकेतू. चंद्रप्रकाशानं तो फिका झाला होता, दुर्बिणीतून मात्र स्वच्छ. एका बाजूला कोजागिरीचा चंद्र, दुसऱ्या बाजूला तो. पातेलं फाळक्याच्या जागी मांडलेल्या घडीच्या टेबलावर, चंद्राकडे. शेजारच्या जागेवर व्हॅनमध्ये एक जोडपं होतं, त्यांना बाबांनी स्वतः पेले नेऊन दिले. त्यांनी कॅम्पर आतून बघायला मागितला. मग तासभर बाबा मराठी-इंग्रजीत त्यांना लॉक-नट, रबरी बुश आणि हलक्या केलेल्या फळ्या दाखवत होते, आणि तो माणूस मोबाइलवर फोटो काढत होता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर. परत

पहाटे वारा सुटला. ओवेन्स व्हॅलीत तो येतो तेव्हा जोरात येतो. कापड फडफडायला लागलं की झोप होत नाही, आणि जोर वाढला तर छत उघडं ठेवणं धोक्याचं. उजाडायच्या आत छत उतरवलं. उतरवताना पंखा उघडा ठेवायचा म्हणजे आतली हवा निघून जाते, आणि कापड आत खेचणारे लवचीक दोर लावलेले हवेत, नाहीतर ते छताच्या कडेखाली चिमटतं आणि फाटतं. दार बंद करून एक फेरी मारून चारी कडा बघितल्या. मग चहा, खाली बसूनच. छत मिटलेलं असताना आत उभं राहता येत नाही, पण बाकावर बसून शेगडीपर्यंत हात पोचतो. हे बाबांनी मुद्दाम मापून केलंय.

३९५ वर आडवा वारा होता. समोरून येणारे उंच मोटरहोम रस्ता सोडून हलत होते, आमचा ट्रक सरळ चालला. पॉप-अप का, याचं उत्तर नवऱ्याला आज हाताला मिळालं, असं तो म्हणाला.

गाडीत बसून पुढची यादी केली. दुसरी बॅटरी घ्यायची नाही: पाचही दिवस सकाळी निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. त्याऐवजी पाच गॅलनचं जास्तीचं पाणी, चाळीस पौंडांहून थोडं जास्त. ते वजन कुठून काढायचं यावर ब्रिजपोर्टपर्यंत चर्चा झाली. लोखंडी तवा जाणार, मोठी खुर्ची जाणार, नवऱ्याची दुसरी हत्यारपेटी जाणार. बाबांच्या पिशवीला कुणी हात लावला नाही.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सोमवारी ट्रक नवऱ्याच्या कामावर हवा, म्हणून शनिवारी चार जॅक लावून कॅम्पर उतरवायचा आहे. चारही कोपरे दोन-दोन इंचांनी आळीपाळीनं उचलायचे, एक कोपरा फार पुढे जाऊ द्यायचा नाही, मग ट्रक खालून हळू पुढे काढायचा आणि कॅम्पर पुन्हा जमिनीजवळ आणून ठेवायचा. तो खाली आला की बाबांना बाकाच्या आत पाण्याच्या जास्तीच्या कॅनसाठी पट्टे बसवायचे आहेत. डिसेंबरात त्यांचं परतीचं विमान आहे, आणि त्याआधी नोव्हेंबरात डेथ व्हॅली करायची असं त्यांनी स्वतःच जाहीर केलंय.